ताईने थंड सोडलं

माझ्या ताईला लाँड्रीत 'बॉयलर' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती 'ओ' देते. एक तर ती अंगाने भरभक्कम, त्यात तिला तापायला वेळ लागत नाही, आणि सकाळी ती आल्याशिवाय तिथला खरा बॉयलर कुणी पेटवत नाही. यातल्या कुठल्या कारणाने हे नाव पडलं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. "शिटी मारते म्हणून," ती म्हणाली आणि खरंच दोन बोटं तोंडात घालून शिटी मारून दाखवली.

लाँड्री मोठी आहे. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, पांढरे कोट असलं सगळं तिथे येतं. ताई वाफेच्या प्रेसवर असते. कापड पसरायचं, पायाने पेडल दाबायचं, वरचा तापलेला पत्रा खाली येतो, भस्सकन वाफ सुटते, पत्रा वर जातो, कापड उचलायचं, पुढचं पसरायचं. दिवसभर हेच, तेही उभ्याने. तिच्या जागेवर भर हिवाळ्यातसुद्धा केस मानेला चिकटतात. त्यामुळे तिथे सगळेच थंड पितात. थंड म्हणजे आपण पाहुण्याला विचारतो ना, 'चहा घेणार की थंड?', त्यातलं थंड. बाटलीतलं, फेसाचं, काळं नाहीतर नारिंगी. शेजारीच त्या बाटल्यांचं गोदाम आहे. गोदामवाल्यांचे गणवेश लाँड्री धुऊन देते आणि तारीख जवळ आलेल्या बाटल्यांचे क्रेट इकडे येऊन पडतात. फुकटचं म्हटल्यावर कोण सोडतो? ताई दिवसाला चार-पाच बाटल्या सहज रिचवायची. पाणी तिला पुळचट लागायचं.

आई गेली तेव्हा मी पाटी-दप्तरातला. बाबा होते, पण त्यांचं असणं भिंतीवरच्या बंद घड्याळासारखं होतं, आहे म्हणायचं इतकंच. ताईने शाळा सोडली आणि चादरी हातात घेतल्या. माझं शिक्षण, माझे बूट, माझा टायफॉइड, सगळं त्या पेडलवर झालं. तिच्या लग्नाचं कुणी काढलं की ती म्हणायची, "आधी ह्या बारक्याला कुणाच्या तरी गळ्यात बांधते, मग माझं बघू." बारक्या म्हणजे मी. मी कुणाच्या गळ्यात बांधला गेलो नाही आणि तिचंही राहूनच गेलं. तिला त्याचं काय वाटतं ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणते, "एक सांभाळला तो पुरे झाला."

मी मोटार शिकवायचो. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, तो लोकांना दिसत नाही. समोरचा कितीही गोंधळला तरी माझा पाय त्या ब्रेकवर असायचा, म्हणून मी शांत असायचो. लोकांना वाटायचं, काय धीराचा माणूस आहे. धीरबीर काही नव्हता, ब्रेक होता. पुढे माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आणि मला कळलं की तो ब्रेक नसला तर मी किती घाबरट माणूस आहे.

डायलिसिस सुरू झालं. दिवसाआड जायचं, खुर्चीवर पडायचं, हातात दोन जाड सुया, समोर यंत्र. आत जाण्याआधी वजन करतात आणि बाहेर येतानाही करतात. मधल्या दिवसात माझ्या अंगात जेवढं पाणी साठतं तेवढा काटा वर जातो, यंत्र ते ओढून घेतं. म्हणून मला पाणीसुद्धा मोजून. तहान लागली की ताई बर्फाचा लहानसा खडा द्यायची, तो चघळत बसायचं. थंडाचं तर मला नावच घ्यायचं नव्हतं, त्यातलं काय काय माझ्या रक्तात साचून बसतं म्हणे.

किडनी कुणी देणारं आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ताईने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

"माझी घ्या. दोन आहेत, एक पडूनच आहे."

रक्तगट जुळला. पुढच्या तपासण्याही जुळत गेल्या. मग डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि तिथे घोडं अडलं. ते म्हणाले, "ताई, एवढ्या वजनावर तुम्हाला टेबलावर घेणं धोक्याचं आहे. किमान बारा किलो उतरवा. साखरही किंचित काठावर आहे. वजन उतरलं तर कदाचित तीही उतरेल. मग पुढचं बघू."

त्यांनी आम्हाला आहार सांगणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम तरुण, चटपटीत, बाहेर रांग लागलेली. ताई काय खाते, काय पिते ते त्यांनी भराभर विचारलं. बाटल्यांचा आकडा ऐकून त्यांचं पेन थांबलं.

"आधी थंड बंद. पूर्ण. एक थेंबसुद्धा नाही. बाकीचं मग हळूहळू करू."

"बंद म्हणजे बंद," ताई म्हणाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "रोग रेड्याला, औषध पखालीला. आणि पखाल शोभते की नाही मी?"

घरी आल्यावर तिने काय धडाका लावला! फ्रीजमधलं पाणी बंद. आइस्क्रीम बंद. दूधसुद्धा फ्रीजमधून काढून कोमट केल्याशिवाय घेईना. माझ्यासाठी बर्फाचा खडा काढायचा तर हाताला फडकं गुंडाळून काढायची. मी म्हणायचो, "अगं, गार पाण्याने काही होत नाही." त्यावर तिचं शास्त्र ठरलेलं होतं.

"लोणी बघ. फ्रीजमध्ये दगड, तव्यावर पाणी. पोटातली चरबी काय वेगळी असते? घामाच्या अंगात थंड ओतलं की ती आत थिजून बसते. मॅडम शिकलेल्या आहेत, उगीच नाही सांगत."

मला वाटलं, बाई उत्साहात आहे, बाटल्या सोडल्याच आहेत तर हे वरचं जास्तीचं करते आहे. करू दे. जिची सगळी हयात वाफेपुढे गेली तिला ऊब म्हणजे इलाज वाटणारच. चोळामोळा झालेला कोटसुद्धा वाफेने सरळ होतो, मग पोट का नाही?

पण काटा हलेना. महिना झाला, दोन झाले. मॅडमनी विचारलं, "थंड?" ताई म्हणाली, "एक थेंब नाही." पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. पेशंट खोटं बोलतो तेव्हा नातेवाइकांकडे बघतात तशी ती नजर होती. मी मान खाली घातली, कारण मलाही तेच वाटत होतं.

त्या दिवसांत माझी जी अवस्था झाली ती शत्रूवरही येऊ नये. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताईला म्हणावं, 'चोरून पितेस ना?' तर कुठल्या तोंडाने? ती मला आपल्या पोटातला अवयव द्यायला निघालेली आणि मी तिच्या पिशव्या हुंगायचो? लवकर कर म्हणावं तर मी कसाई, सावकाश कर म्हणावं तर खोटारडा. रात्रीचं जेवण ती अर्ध्यावर सोडून उठायची आणि मी तिला थांबवायचो नाही. पोटात मात्र राग धुमसायचा. बाटलीसाठी ही माझा जीव टांगणीला लावते, असं मला वाटायचं. हो, वाटायचं.

एकदा डायलिसिसहून येताना रिक्षा बंद पडली, तीही लाँड्रीच्या कोपऱ्यावर. पाय लटपटत होते, म्हटलं ताईबरोबरच घरी जाऊ. आत गेलो. दुपारची सुट्टी होती. प्रेसमागून वाफेचे जाड पाइप जातात, त्यांच्यावर कापड गुंडाळलेलं असतं. त्या कापडावर ओळीने बाटल्या आडव्या ठेवलेल्या होत्या. ताईने त्यातली एक उचलली, हलवली, बूच किंचित सैल करून फेस जाऊ दिला आणि तोंडाला लावून अर्धी संपवली.

"ताई, हे काय?"

"काय?" ती दचकलीसुद्धा नाही. "तू इथे कसा? उभा का, बस."

"हातात काय आहे तुझ्या?"

"बाटली."

"तू थंड सोडलंयस ना?"

"सोडलंय की! हात लावून बघ."

मी हात लावला. बाटली गरम होती. चांगली चहाच्या कपासारखी गरम.

समोर चादरी घडी करणारी बाई होती. तिला सगळे घडीवाली म्हणतात. ती ताईच्या बाजूने पुढे सरसावली. "खोटं नाही हो सांगत. आम्ही स्वतः सकाळी आल्या आल्या तिच्या बाटल्या पाइपवर ठेवतो. जरा गार लागली तर तिला देतच नाही. सगळ्यांनी शपथ घातलीय तिला."

मी हसायला लागलो. पोट धरून हसलो. तेही हसले, का ते न कळताच. मग माझ्या लक्षात आलं की हसण्याबरोबर डोळ्यांतून पाणी येतंय आणि ते हसण्याचं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

"थंड म्हणजे थंड नाही गं ताई. थंड गरम केलं तरी थंडच! त्यातली साखर, साखर बंद करायची होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाटलीकडे. "मग मेले त्याला थंड कशाला म्हणतात?" असं म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. बाटलीचं बूच तिने हळूहळू घट्ट लावलं, कुणाची तरी वस्तू परत करायची असावी तसं. आम्ही घरी आलो. दाराचं कुलूप उघडताना म्हणाली, "किती महिने फुकट गेले रे बारक्या?"

"फार नाही," मी म्हणालो. आणि तिने चोरून प्यायलेलं नव्हतं, या एका गोष्टीचा मला इतका आनंद झाला की त्या महिन्यांचं दुःख मला दुसऱ्या दिवशी झालं.

मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "चूक माझी. 'साखरेचं पाणी' म्हणायला हवं होतं मी." मग ताईने त्यांना सरळ विचारलं, "आता खरं सोडलं तर उतरेल का वजन? थापा नको."

"थोडं उतरेल. तुम्ही जेवणाइतकीच साखर पीत होतात, ती गेली की फरक पडणारच. पण शरीर त्याची भरपाई मागेल. बाटली सोडून बिस्किटं धरलीत तर काटा जागच्या जागी. नुसत्या थंडाने बारा किलो जाणार नाहीत, ताई."

आता खरं सोडणं सुरू झालं आणि ते बघवेना. पहिले काही दिवस तिचं डोकं ठणकायचं. लाँड्रीत तिने दोघांशी भांडण काढलं, एका डॉक्टराचा कोट प्रेसखाली विसरून जाळला. इतक्या वर्षांत तिच्या हातून कापड जळलं नव्हतं. घरी आली की माझ्यावर खेकसायची, मग माझ्या पाठीवर हात फिरवायची, मग पुन्हा खेकसायची. मी म्हणायचो, "राहू दे." ती म्हणायची, "तू गप. तुझं काम जगायचं, ते नीट कर."

आणि काटा हलला. पहिल्यांदा खाली आला त्या दिवशी तिने काट्यावरच गिरकी घ्यायचा प्रयत्न केला आणि मॅडमचं टेबल धरून सावरली. त्यानंतर दोन-तीन खेपा तो येत राहिला. मग थांबला. मॅडमचं बोलणं खरं ठरलं, चहाबरोबर बिस्किटांचा पुडा कधी संपायचा ते तिला कळायचंच नाही. पुडे बंद झाले. लाँड्रीतून ती चालत येऊ लागली. येताना घडीवाली बरोबर असायची, नाहीतर कोपऱ्यावरचं दुकान ओलांडवायचं नाही, असं तिने स्वतःच सांगितलं होतं. "तिथून जाताना तू माझा हात धर," म्हणायची, "आणि काहीतरी बोलत राहा, नाही तर शिव्या दे."

ती उतरत होती आणि मी खचत होतो. यंत्रावर असताना माझा रक्तदाब कोसळायला लागला. एकदा शुद्ध गेली. डोळे उघडले तेव्हा ताई खुर्चीपाशी उभी, लाँड्रीचा ॲप्रन तसाच अंगात. त्यानंतर ती दोन दिवस जेवली नाही. मॅडमना कळलं तेव्हा त्या तिला फाडफाड बोलल्या. उपाशी राहून वजन उतरवलंत आणि अंगातली ताकद घालवलीत तर शस्त्रक्रिया आणखी लांबेल, म्हणाल्या. ताई खाली मान घालून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "खाल्लं तरी चूक, नाही खाल्लं तरी चूक. पूर्वी बरं होतं, चूक काय तेच माहीत नव्हतं."

मी तिच्या शेजारी बाकावर बसलो होतो. तिला मदत करायची तर मी काय करणार? तिच्या वाटचं चालता येत नव्हतं, तिच्या वाटची भूक मला लागत नव्हती. तोंडाला चव नसलेला माणूस मी. शेजारी कुणी गाडी ठोकायला निघालंय आणि माझ्या पायाखाली ब्रेक नाही, असं मला रोज वाटायचं.

तरी तिने ते केलं. पावसाळा, हिवाळा गेला आणि उन्हं तापायला लागली तेव्हा बारा किलो उतरले होते. तिचे जुने कपडे घडीवालीने शिवून आत घेतले. लाँड्रीतल्या लोकांनी तिचं नाव बदलायचं ठरवलं. 'बॉयलर' आता शोभत नाही, 'इस्त्री' म्हणू, असं कुणी म्हणालं. ताई म्हणाली, "खबरदार! नाव तेवढं राहू द्या, बाकी सगळं नेलंत."

डॉक्टरांनी काटा बघितला आणि मान डोलावली. "शाब्बास. आता साखरेची एक तपासणी राहिलीय. ती झाली की तारीख ठरवू."

तारीख! हा शब्द ऐकून मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

तपासणीला ताई उपाशीपोटी आली. मीही गेलो. आधी रक्त घेतलं. मग नर्सने तिच्या हातात एक मोठा पेला दिला.

"हे पाच मिनिटांत संपवायचं. दोन तासांनी पुन्हा रक्त घेऊ. मधे काही खायचं-प्यायचं नाही."

"काय आहे हे?"

"ग्लुकोज. साखरेचं पाणी."

ताईने पेला तिच्याकडे परत धरला. "मी सोडलंय."

"तपासणीच ती आहे हो. साखर पोटात गेल्यावर शरीर काय करतं ते बघायचं असतं."

"अहो, पण मी सोडलंय ना. एवढ्या महिन्यांत थेंब नाही. आता तुम्हीच पाजता?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बारक्या, वाढलं तर?"

"एका पेल्याने काही वाढत नाही. पी."

तिने नाक धरून, डोळे मिटून तो पेला संपवला. कडू औषध पितात तसा. तोंड पुसून म्हणाली, "शी. फेससुद्धा नाही."

दोन तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ती खुशीत होती. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. "माझी किडनी तुझ्यात गेली ना," म्हणाली, "की तुला इस्त्री करायला येईल बघ. आणि थंड प्यावंसं वाटेल. तिला सवय आहे. तिचे फार लाड करू नकोस." शेजारच्या अनोळखी बाईलाही तिने सांगितलं, "हा माझा धाकटा. ह्याला मी माझा एक पार्ट देणारेय." मी तिला गप्प करत होतो आणि ती गप्प होऊ नये असं मला वाटत होतं.

निकाल चांगला आला नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून आणखी एक तपासणी केली. तीही तशीच आली.

डॉक्टर सावकाश बोलले. ताईला साखरेचा आजार सुरू झालेला होता. आज तो लहान आहे, आटोक्यात राहील, पण पुढे किडनीला त्रास देऊ शकतो. अशा माणसाची एक किडनी काढून घेता येत नाही.

"माझी आहे," ताई म्हणाली. "मी देते म्हटल्यावर तुमचं काय जातं?"

"तुम्ही देता, ताई. आम्हाला घेता येत नाही."

"लिहून देते. काही झालं तर माझी जबाबदारी."

"नाही."

"डॉक्टर, ते गरम करून प्यायले ना मी, त्या महिन्यांनी झालं का हे? ते महिने नसते गेले तर?"

डॉक्टर म्हणाले, "सांगता येणार नाही. आई-वडिलांत कुणाला होतं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आई-बाबांची कुणी कधी तपासणीच केली नव्हती. म्हणजे दोष कुणाचा तेही कळायची सोय नव्हती. बाटल्यांचा, बाबांचा, मॅडमच्या एका शब्दाचा, की कुणाचाच नाही.

"म्हणजे ते बारा किलो फुकट गेले," ताई म्हणाली.

"फुकट कसे? तुमच्यासाठी फार चांगलं झालं ते. ते उतरले नसते तर साखर आणखी वर असती. आता हे टिकवायचं. थंड पुन्हा सुरू करायचं नाही. स्वतःसाठी."

"मला कशाला?" ताई म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं ती चिडून बोलतेय. ती चिडली नव्हती. तिने खरंच विचारलं होतं. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला होता. माझं नाव यादीत घालतो, कुठून किडनी मिळाली तर कळवतो, असं डॉक्टर मला सांगत होते. मला ऐकू येत होतं, कळत नव्हतं. मला रडू आलं ते आधी माझ्यासाठी आलं. तिच्यासाठी नंतर आलं, आणि ते थांबेना.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दुपारी ताई बाहेर गेली आणि पिशवीत बाटली घेऊन आली. मोठी, दुकानातून विकत घेतलेली, बर्फासारखी गार. टेबलावर ठेवून पेला घेतला आणि माझ्यासमोर बसली. बूच फिरवलं. फेस वर आला आणि हळूहळू बसला. तिने पेला भरला.

"ताई, नको."

"का नको?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हतं सोडलं मी. तुझ्यासाठी सोडलं होतं. तोवर थेंब नाही घेतला, देव साक्षी. आता कुणासाठी? सांग ना."

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी!" ती हसली. "माझ्यासाठी म्हणून मी पिते. मला आवडतं. एवढं एकच आवडतं मला."

खरंच, मी तिला कुठली दुसरी आवडीची गोष्ट काढून दाखवणार होतो? तिच्या सगळ्या आयुष्यात तिच्या एकटीच्या मालकीचं असं ते गोड पाणीच होतं. बाकी सगळं मी खाल्लं होतं. तिने जगावं असं म्हणायचं तर ते कुणाबरोबर, हे मला सांगता येत नव्हतं.

तिने पेला उचलायच्या आत मी तो माझ्याकडे ओढला.

"तू प्यायलीस तर मी आधी पिणार."

"बारक्या, वेडेपणा करू नकोस."

"पूर्ण पिणार. मग बाटली."

माझ्या वाटचं पाणी त्या दिवशी सकाळीच संपलं होतं, डायलिसिस उद्यावर होतं. तिला ते माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. मी पेला ओठांना लावला. इतक्या काळाने तो वास नाकात गेला आणि तहानेने माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी नुसती धमकी देत होतो की खरंच पिणार होतो, हे मलाच कळेना.

ताईने उठून माझ्या हातावर फटका मारला. अर्धं टेबलावर सांडलं. उरलेला पेला आणि बाटली घेऊन ती मोरीकडे गेली आणि दोन्ही ओतून दिली. "मेल्या," म्हणाली, "नालायका, तुला वाढवलं ते हे बघायला?" आणखीही बरंच म्हणाली. मग तिने नळ सोडला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे आता अरुंद दिसत होते.

"असं किती दिवस धमकावणार आहेस मला?"

"आहे तोवर," मी म्हणालो.